आईच्या ऑपरेशनआधी वाचून ठेव

प्रिय दादा,

आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरली, बरं झालं. तू विचारलं होतंस, "इन्फेक्शन होऊन डोळा जातो म्हणतात, ते कितपत खरं?" फोनवर आई शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहूनच कळवते.

खरं आहे, पण फार क्वचित. हजारात जेमतेम एखाद्याला होतं. डॉक्टर त्याला एन्डोफ्थॅल्मायटिस म्हणतात. इथल्या प्रयोगशाळेत असे नमुने आमच्याकडेच तपासायला येतात, त्यामुळे त्या 'एखाद्या'विषयी मला जरा जास्त ठाऊक आहे.

लोक पहिला संशय हॉस्पिटलवर घेतात. एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या अनेकांचे डोळे बिघडले, तर दूषित द्रव किंवा नीट निर्जंतुक न केलेली हत्यारं यांची चौकशी व्हायलाच हवी. एकट्यादुकट्याच्या बाबतीत मात्र जंतू बहुधा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर निवांत राहतो. डोळ्याच्या आत गेला की तोच घात करतो. म्हणून ऑपरेशनच्या ऐन आधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घालतात. आईला ते चुरचुरेल, पण इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही. शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिकही सोडतात. सेफ्युरॉक्झिम असं दिल्याने धोका बराच घटतो, हे युरोपातल्या मोठ्या अभ्यासात 2007 साली दिसलं. पापण्यांना खपल्या धरत असतील, मधुमेह असेल, भिंगामागचा पातळ पडदा ऑपरेशनमध्ये फाटला किंवा जखमेतून पाणी झिरपत राहिलं, तर धोका वाढतो. आईच्या पापण्या सकाळी चिकटतात, हे डॉक्टरांना आधीच सांग. ती स्वतः सांगणार नाही.

आता तुझ्या कामाचं. ऑपरेशननंतर थोडं खुपणं, पाणी येणं, लाली हे चालतं, पण ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. तीनचार दिवस बरं वाटून मग पुन्हा धूसर दिसू लागलं, लाली वाढली, पापणी सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. बहुतेकदा हे पहिल्या आठवड्यातच दिसतं. आणि दुखण्यावर विसंबू नकोस. अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या 420 रुग्णांच्या अभ्यासात साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना दुखलंच नव्हतं. नजर मात्र जवळजवळ सगळ्यांची कमी झाली होती. आपली आई तर दुखलं तरी बोलत नाही, म्हणून तिला विचारायचं ते "दिसतंय कसं?" हेच. दुसरा डोळा झाकून रोज एकाच जागेवरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लाव.

डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर बघतात. बुबुळापुढे तळाशी पांढरट पू साठलेला दिसला, की संशय बळावतो. आतलं काहीच दिसेना, तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. एक चकवा असतो: ऑपरेशननंतर पहिल्या एकदोन दिवसांतच पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सगळीकडून सुजतं, दुखत फारसं नाही, आणि तो जंतूंचा नव्हे तर आत गेलेल्या एखाद्या रसायनाचा त्रास असतो. त्याला स्टेरॉइड पुरतं. दुसरा चकवा याउलट, महिन्यांनी पुन्हा पुन्हा येणारी मंद सूज; तिच्यामागे क्युटिबॅक्टेरियम हा संथ वाढणारा जंतू असू शकतो. आम्ही त्याची वाढ दिसायला दोन आठवडेही थांबतो.

खात्रीसाठी डोळ्यातला जेलीसारखा द्रव, म्हणजे व्हिट्रियस, सुईने थोडासा काढतात. त्यातून जंतू सापडण्याची शक्यता डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यापेक्षा जास्त. तरीही 420 रुग्णांच्या त्या अभ्यासात तीनातल्या सुमारे एकात काहीच उगवलं नव्हतं. म्हणून आमच्या रिपोर्टसाठी कुणी थांबत नाही. नमुना घेताना त्याच बैठकीत व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही अँटिबायोटिक्स आत टोचतात. जास्त बिघडलं असेल, तर तो द्रवच काढून टाकायची शस्त्रक्रिया करतात. नुसते ड्रॉप्स किंवा गोळ्या त्या द्रवापर्यंत पुरेशा पोचत नाहीत. म्हणून कुणी फोनवर "ड्रॉप्स वाढवा, उद्या बघू" म्हणालं, तर ऐकू नकोस, थेट रेटिना बघणाऱ्यांकडे जा.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं, की त्यावर रात्री उचलला जाणारा नंबर आहे का बघ. नसेल तर तिथेच मागून घे, आणि मलाही पाठव.

तुझी,
छोटी