पावतीवरचे १८ टक्के

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या करिअर पुरवणीत ‘नोकरी सांभाळून एक्झिक्युटिव्ह एमबीए’ अशा पाव-पाव पानाच्या जाहिराती हल्ली ओळीने तीन-चार तरी असतात. त्यातल्याच एका जाहिरातीतला नंबर मी सव्वा वर्षापूर्वी फिरवला. त्याची गोष्ट लिहितोय. गाऱ्हाणं तुमच्याबद्दल कमी आणि माझ्या घाईबद्दल जास्त आहे, पण शेवटी एक मागणी मात्र तुमच्याकडे आहे.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. बीई मेकॅनिकल, वय एकोणचाळीस. आमच्याकडे असिस्टंट मॅनेजरच्या वर चढायचं तर पदव्युत्तर पदवी हवी, असा नियम झाला. शिफ्टची नोकरी, दोन मुलं, सिडकोतल्या घराचा हप्ता. दर शनिवार-रविवार पुण्याला जाऊन शिकणं शक्यच नव्हतं. म्हणजे ऑनलाइन, मान्यता असलेलं आणि खिशाला झेपणारं असं काहीतरी हवं होतं. इथवर माझं गणित बरोबर होतं.

फोनवरचा मुलगा गोड बोलायचा. स्वतःला काउन्सेलर म्हणवायचा. ‘सर, तुमचा प्रोफाइल लीडरशिपचा आहे. सर, बॅचमध्ये दोनच सीट उरल्यात. सर, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच.’ स्कॉलरशिप म्हणजे काय, तर दोन लाख लिहायचे, खोडायचे आणि एक लाख पस्तीस हजार घ्यायचे. मान्यतेचं विचारलं तर म्हणाला, ‘इंटरनॅशनली ॲक्रेडिटेड आहे सर.’ कुणी दिलेली मान्यता, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागे उभं राहून मी त्याला ओटीपी सांगितला. त्या ओटीपीवर माझ्या नावाने एका वित्तसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय, हे पुढच्या महिन्यात खात्यातून ८,८५० रुपये वळते झाले तेव्हा कळलं. असे अठरा हप्ते.

अकरा महिन्यांनी ईमेलवर सर्टिफिकेट आलं. सोनेरी किनार, दोन सह्या, एक परदेशी शिक्का. प्रिंट काढून एचआरला नेऊन दिलं. तिथल्या मॅडमनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘सर, हे एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅमचं सर्टिफिकेट झालं. डिग्री कुठाय?’ मीही तेव्हाच ते पहिल्यांदा नीट वाचलं. ‘मास्टर’ हा शब्द त्यावर कुठेच नव्हता.

घरी आल्यावर फाइल काढून बसलो. आमच्या सौ. एका सीएकडे अकाउंट्स बघतात. तिने मार्कांची पानं बाजूला सारली आणि फीची पावती उचलली. कोर्स फी १,३५,००० रुपये, जीएसटी १८ टक्के म्हणजे २४,३०० रुपये, एकूण १,५९,३००. पावतीवर नाव कंपनीचं, विद्यापीठाचं कुठेच नाही. ती म्हणाली, ‘अहो, मुलांच्या शाळेच्या पावतीवर कधी जीएसटी बघितलाय का?’

संपादक महोदय, माझ्या सव्वा वर्षाच्या शिक्षणात सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच. कायद्याने मान्य असलेल्या पदवीच्या अभ्यासक्रमासाठी शिक्षणसंस्था विद्यार्थ्याकडून जी फी घेते, तिच्यावर जीएसटी नसतो. क्लासवर असतो, कंपन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सवर असतो. कोर्सच्या फीवरच १८ टक्के लागलेले दिसले, तर पैसे भरण्याआधी ‘हे मला नक्की काय देताय?’ असं विचारायला हवं. माझ्या हातात ती पावती पहिल्या दिवसापासून होती. कारखान्यात येणाऱ्या मालाचं प्रत्येक चलन मी तपासून सही करतो. स्वतःच्या शिक्षणाची पावती मात्र न वाचता फाइलला लावली.

शिकवलं वाईट, असं मी म्हणणार नाही. कॉस्टिंगचे मास्तर फार चांगले होते. मशीन बंद पडल्याच्या एका तासाची किंमत कशी काढायची, ते मी त्यांच्याकडून शिकलो आणि आजही वापरतो. अशा कोर्समधून माणसाला काही मिळतच नाही, असं नाही. फक्त ते घेताना सर्टिफिकेट म्हणून घ्यावं आणि किंमतही सर्टिफिकेटचीच मोजावी. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द फसवा आहे. आयआयएमसारख्या ठिकाणी नोकरदारांसाठीचे खरेखुरे एमबीए आहेत. त्यांना काही वर्षांचा अनुभव लागतो आणि फी लाखांत जाते. पण त्याच संस्थांचे काही आठवड्यांचे, काही महिन्यांचे एक्झिक्युटिव्ह कोर्सही असतात आणि त्यातून पदवी मिळत नाही. नाव मोठं असलं म्हणून प्रत्येक कागद पदवीचा होत नाही.

खरी माहिती शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, तीही गाडी निघून गेल्यावर. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचं नियमन विद्यापीठ अनुदान आयोग करतो, २०२० च्या विनियमांनुसार. आयोगाचा दूरशिक्षण विभाग, ज्याला सगळे डेब म्हणतात, मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर ठेवतो. ही यादी अभ्यासक्रमवार आणि सत्रवार असते. म्हणजे अमुक विद्यापीठाला मान्यता आहे, एवढं ऐकून भागत नाही. त्याच्या ऑनलाइन एमबीएला तुम्ही प्रवेश घेताय त्या सत्रासाठी मान्यता आहे का, ते बघावं लागतं. नॅकची, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, ‘ए प्लस’ श्रेणी जाहिरातीत ठळक छापतात, पण ती विद्यापीठाची असते, कोर्सची नव्हे, आणि तिचीही मुदत असते. प्रवेशाचं किंवा परीक्षेचं काम फ्रँचायझीने दुसऱ्याच्या हाती द्यायला या विनियमांत बंदी आहे. त्यामुळे फी कुणाच्या खात्यात जाते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

दोन खुणा तर फोनवरच कळतात. एक, पदव्युत्तर पदवीला साधारणपणे दोन वर्षं लागतात, तेव्हा तीन वर्षांच्या पदवीवर कुणी अकरा महिन्यांत एमबीए देत असेल तर तिथेच संशय घ्यावा. दुसरी, २०२४-२५ च्या सत्रापासून ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पदवीला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याने स्वतः डेब आयडी, म्हणजे डेबकडचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. तो एकदाच काढायचा आणि फुकट मिळतो. ‘त्याची काही गरज नाही सर’ असं ऐकू आलं की फोन ठेवून द्यावा. परदेशी विद्यापीठाच्या नावाने घरबसल्या मिळणाऱ्या एमबीएचं प्रकरण तर आणखी निसरडं आहे. भारतातल्या कुणी फ्रँचायझीने दिलेल्या परदेशी पदव्यांना आयोग समकक्ष मानत नाही.

आता ‘ऑनलाइनवाल्यांना कोण विचारतो’ याबद्दल. हे आमच्या कँटीनमध्ये रोज ऐकू येतं. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची. खासगी कंपनी काय मानेल हा तिचा प्रश्न, म्हणून फॉर्म भरण्याआधी आपल्याच एचआरला लेखी विचारून घ्यावं. मी एका ईमेलचे कष्ट घेतले असते, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आणि यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट नाशिककर म्हणून सांगतो. महाराष्ट्राचं मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे. १९८९ साली स्थापन झालेलं, राम ताकवले ज्याचे पहिले कुलगुरू, ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. गंगापूर धरणाच्या रस्त्याने आम्ही सहकुटुंब किती वेळा गेलोय, त्या कमानीकडे बोट दाखवून ‘हे मुक्त विद्यापीठ’ असं मुलांना सांगितलंय, पण आत जाऊन एमबीएची चौकशी करावी असं मला कधी सुचलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! मुक्त म्हणजे ज्यांना दुसरीकडे जमलं नाही त्यांच्यासाठी, असा एक गंड आपल्या डोक्यात बसलाय. मीही त्यातलाच.

आमच्या स्टोअर्समधला एक सहकारी इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, एमबीए करतोय. चार सेमिस्टर मिळून फी साठ-पासष्ट हजारांच्या घरात, नोकरीत अडचण आली तर चार वर्षांपर्यंत पूर्ण करायची मुभा. तो दुपारी डबा खाऊन झाला की फुलस्केप कागदांवर असाइनमेंट हाताने लिहीत बसायचा आणि आम्ही त्याला हसायचो. ‘अरे, माझं बघ, सगळं मोबाइलवर!’ असं मीच त्याला ऐकवलं होतं. येत्या डिसेंबरात त्याची शेवटची परीक्षा आहे. माझे अजून तीन हप्ते बाकी आहेत.

हप्त्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. ऑटो-डेबिट देऊ नका, माहीत नसलेल्या कर्जावर सही करू नका, असं केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच एड-टेक, म्हणजे ऑनलाइन शिकवणाऱ्या, कंपन्यांबाबत पालकांना सांगून ठेवलं होतं. आम्ही पालक ते मुलांच्या क्लाससाठी वाचतो. स्वतः विद्यार्थी झालो की विसरतो. कोर्स सोडला तरी वित्तसंस्थेचा हप्ता सुटत नाही, कारण तिच्या लेखी कोर्सवाल्या कंपनीचे पैसे कधीच चुकते झालेले असतात.

आता मागणी. जाहिरातीतल्या मजकुराची जबाबदारी जाहिरातदाराची, हे मला माहीत आहे. तशी ओळ तुम्ही बारीक टायपात छापताही. पण शिक्षणाच्या जाहिरातींना तुम्ही दोन गोष्टी सक्तीच्या करू शकता: शेवटी मिळणारा कागद पदवी, पदविका की सर्टिफिकेट, आणि तो देणार कोण. हसणाऱ्या पोरीच्या फोटोखाली नको, ‘एमबीए’ ज्या टायपात छापता त्याच टायपात. आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या प्रवेशांआधी, डेबच्या यादीतली महाराष्ट्रातली विद्यापीठं पुरवणीत छापा. अर्धं पान जाईल फार तर. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत माझ्यासारखे पस्तिशी-चाळिशीतले किती तरी जण त्या पुरवणीकडे आशेने बघतात.

हे पत्र लिहीत असतानाच त्या मुलाचा पुन्हा फोन आला. त्यांच्याकडे आता डॉक्टरेट आहे म्हणे, नोकरी सांभाळून, ऑनलाइन. मी विचारलं, ‘जीएसटी लागेल का रे?’

‘लागेल सर, पण तो ईएमआयमध्येच बसवून देतो.’

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक
(नाव कृपया छापू नये. कंपनीत सगळे तुमचाच पेपर वाचतात.)