खोक्यावरचा आकडा बाजूला ठेव

डिचोली

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले एअर रायफलींच्या खोक्यांचे तिन्ही फोटो पाहिले. तिन्ही खोक्यांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत छर्ऱ्याचा वेग छापलाय, आणि तुझं मनही त्या आकड्यावरच बसलेलं दिसतंय. म्हणून आधी तोच निकालात काढते.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच नळीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. कागदावर मारायचा नेहमीचा छर्रा असतो ०.५३ ग्रॅमचा. २० ज्यूल जोर लावला तरी तो सेकंदाला २७५ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही; गणित तुलाही येतं, करून बघ. मग खोक्यावर ‘१००० फूट’, म्हणजे ३०५ मीटर, कुठून आले? एक तर पिसासारख्या हलक्या छर्ऱ्याने काढलेले, नाहीतर ती बंदूक परवान्याची. शिवाय वेग आवाजाच्या वेगाजवळ, ३४० मीटरच्या आसपास गेला की छर्रा हवेत डगमगायला लागतो.

तुला मारायचंय शिवोलीच्या परसात, दहा मीटरवर, कागदावर. त्याला साडेसात ज्यूल पुरतात. जर्मनीत अठरा पूर्ण झालेल्या माणसाला ‘एफ’ शिक्क्याची साडेसात ज्यूलपर्यंतची बंदूक सरळ विकत मिळते आणि तिथले लोक तिच्यावरच हात बसवतात. तू फार तर १२ ज्यूलपर्यंत जा. पन्नास छर्रे मारायचे म्हणजे नळी पन्नास वेळा मोडायची, म्हणजे बिजागरावर खाली वाकवून आतली स्प्रिंग भरायची. हलक्या बंदुकीला दहा-बारा किलोचा जोर लागतो, ताकदवान बंदुकीला वीसच्या घरात. विसाव्या छर्ऱ्याला हात थरथरायला लागला की दोष बंदुकीला देशील.

स्प्रिंगऐवजी गॅसचा पिस्टन असलेलीही मिळते. ती भरून ठेवली तरी मलूल पडत नाही, पण बिघडली की घरी काही करता येत नाही. पहिली स्प्रिंगचीच घे.

दुकानात वेळ काढ. नळी मोडून बंदूक भरली की नळी मध्येच सोडून बघायची, पण दस्ता नीट धरून आणि चापापासून बोट लांब ठेवून. जिथे ठेवली तिथेच राहिली पाहिजे. आपल्या वजनाने खाली लोंबली तर बिजागराचा बोल्ट सैल आहे. बंद करून डावी-उजवीकडे हलव, जराही खडखडली तर ती बंदूक नको. छर्रा घालायच्या जागेभोवतीचं रबराचं वायसर चिरलेलं किंवा एका बाजूने दबलेलं नसावं. चाप ओढताना आधी थोडा मोकळा प्रवास, मग स्पष्ट अडथळा, मग सुटका, असं लागलं तर चांगलं. दुर्बीण आत्ता घेऊच नकोस. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दोन्ही दिशांनी बसतो, त्यात स्वस्त दुर्बिणी आतून खिळखिळ्या होतात. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांवर नेम धरूनच शीक.

दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल. दे, आणि बिल जपून ठेव.

आता धरणं. चाप ओढला की आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे ढकलली जाते. पिस्टन टोकाला पोचून थांबतो तेव्हा बंदूक पुढे ओढली जाते. पहिला धक्का तर छर्रा नळीत असतानाच बसतो. म्हणून ही बंदूक घट्ट आवळायची नसते. पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकव, बोटं मिटू नकोस, खांद्याला दस्ता हलकेच लागू दे आणि दर वेळी तळहात त्याच जागी ठेव. दगडावर किंवा बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या सोप्याच्या, कठड्यावर नळी टेकवलीस तर बंदूक उडी मारते आणि छर्रा वर जातो. दहा मीटरवर नव्या माणसाचे छर्रे पसरतात ते बहुतेक इथेच.

नवी बंदूक पहिल्या शंभरेक छर्ऱ्यांना धूर काढते, कधी चटकन फटाका वाजल्यासारखी. कारखान्यातलं तेल पिस्टनपुढे जळत असतं. ते थांबतं. थांबलं नाही तर कुणीतरी तेल ओतलंय, आणि ते कुणीतरी बहुधा मालकच असतो. पिस्टनच्या पोकळीत शिलाई मशीनचं तेल, नारळाचं तेल, गंज सोडवायचा फवारा, काहीही जाता कामा नये. दाबलेल्या हवेची उष्णता त्याला पेट देते, आणि प्रत्येक फटाक्याबरोबर पिस्टनचं सील, म्हणजे वायसर, आणि स्प्रिंग झिजते. सिंथेटिक सील असेल तर आत काहीच घालू नकोस. बिजागरावर मॉलिब्डेनम ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पुरे.

बंदूक रिकामी कधी उडवायची नाही. छर्रा नसला की हवेची गादी नाही, पिस्टन थेट पोलादावर आपटतो. भरून ठेवून जेवायला जायचं नाही, स्प्रिंग बसते. आणि नळी उघडी असताना चापाला हात नाही. ती सटकन बंद होते. बोट वाचलं तरी दस्ता तडकतो किंवा नळी वाकते. छर्रा घालताना नळी एका हाताने पकडूनच ठेव.

छर्रे चपट्या तोंडाचे, शिशाचे. कागदाला गोल भोक तेच पाडतात. दोन-तीन जातींचे थोडे थोडे आण आणि कोणता एकाच जागी पडतो ते बघून मग डबा घे. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. पोलादी गोळ्या नकोत, नळीतले आटे खातात आणि उलटून येतात. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही तोंडात घालू नकोस.

दर शंभर छर्ऱ्यांनी दस्त्याचे स्क्रू बघ. पुढच्या बाजूला दोन असतात, चापाच्या कडीजवळ एक-दोन. झटक्याने सैल होतात आणि मग नेम का फिरला ते कळत नाही. बेताने घट्ट कर, लाकूड चिरडू नकोस. नळी दर पाचशेने, छर्रा घालायच्या बाजूने, दोरीला मऊ कापड बांधून ओढायची. लोखंडी सळी घालायची नाही. साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे इकडेतिकडे गेले तर घाबरू नकोस.

मिरग लागायला थोडेच दिवस उरलेत, आणि शिवोलीला शापोरा नदीचं पाणी जवळ. घामाच्या बोटाचा ठसा निळ्या पोलादावर राहिला तर गंज धरायला वेळ लागत नाही. प्रत्येक वेळी झाल्यावर बाहेरून कोरडं फडकं, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लावलेलं फडकं. स्पंजाच्या पिशवीत ठेवून विसरू नकोस, स्पंज पाणी धरतो. कपड्यांच्या कपाटात आपण बल्ब लावून ठेवतो ना बुरशीसाठी, तिथेच उभी कर, पण कुलपात. छर्ऱ्यांच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाक, नाहीतर चवथीपर्यंत ते पांढरे पडतील. तसे झालेले मारू नकोस.

मागचा गडगा चिऱ्यांचा आहे, त्यावर सरळ मारायचं नाही. छर्रा परत येतो. लाकडी पेटीत जुन्या साड्या आणि चादरी फूटभर जाडीच्या घट्ट कोंब, मागे तीन मिलिमीटरचा पत्रा लाव, पुढे कागद. चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. आणि नळी कोणत्याही माणसाकडे वळवायची नाही, रिकामी असली तरी.

शेजारचे कुळागरवाले, नारळ-सुपारीच्या बागांचे मालक, माकडं हाकायला बंदूक मागतील. द्यायची नाही, तूही मारायचं नाहीस. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि एवढ्या जोराचा छर्रा माकडाला मारत नाही, जखमी करून सोडतो.

तुझी
आई

ता. क. दुकानात विचार, पिस्टनचं वायसर चामड्याचं आहे का. जुन्या धाटणीच्या बंदुकांत असतं आणि त्याला वरचा तेलाचा नियम लागू नाही: कोरडं पडलं की हवा धरत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी हवेच्या भोकातून सिलिकॉन तेलाचे दोन थेंब सोडून बंदूक रात्रभर दस्त्यावर उभी ठेवायची. हवा गळते का हे बघायला बंदुकीत छर्रा घाल, नळीच्या सांध्यावर पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेव आणि पेटीकडे मार. पट्टी फडफडली तर सांध्यातलं रबराचं वायसर बदल, स्प्रिंगला हात लावू नकोस. स्प्रिंग दाबून बसलेली असते आणि ती दाबून धरणाऱ्या शिकंज्याशिवाय उघडलं तर तोंडावर येते.