सुट्टी सिगारेट आणि माझे पहिले अकरा दिवस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३१ मे, तंबाखूविरोधी दिन, आला की पेपरात काळ्या फुप्फुसाचं चित्र येतं, शाळेच्या पोरांची फेरी निघते, शपथ होते. ते चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. पण ज्यानं सिगारेट सोडायचं ठरवूनच टाकलंय त्याला फुप्फुस दाखवून काय उपयोग? तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला, हातात चहाचा कप असताना करायचं काय, हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे. मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहितोय. पुढं सुट्ट्या, म्हणजे पाकिटातून काढून एकेक विकल्या जाणाऱ्या, सिगारेटबद्दल एक तक्रारही आहे. तीच खरी सांगायची आहे, पण आधीचं वाचल्याशिवाय ती पटायची नाही.

लातुरात गूळ मार्केटच्या बाजूला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान आहे. औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा, इकडच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. पहिली बिडी ओढली ती १९९३ साली, किल्लारीत. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, दोन दिवसांनी आमच्या गल्लीतली पोरं ट्रॅक्टरवर बसून मदतीला गेलो. मी एकोणीस वर्षांचा होतो. दगडमातीच्या भिंतींखालून अजून माणसं निघत होती. वास सहन होईना, तेव्हा एका म्हाताऱ्यानं आपल्या तोंडातली पेटती बिडी काढून माझ्या तोंडात दिली. त्याचा हेतू चांगलाच होता. पुढं बिडीची सिगारेट झाली, एकीच्या चौदा-पंधरा झाल्या आणि बत्तीस वर्षं निघून गेली.

सोडायचं कारण काही मोठं नाही. पाच एचपीची मोटार उचलून टेबलावर ठेवताना मला दम लागला आणि कामावरचं पोरगं म्हणालं, "राहू द्या मालक, मी घेतो." तेवढंच.

येळवसेला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या पूजेच्या अमावास्येला, दहा दिवस राहिले होते. मंगळवार होता, त्या दिवशी सोडली. त्याच्या आदल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकानं काउंटरवर रिकामं पाकीट टाकलं होतं. वायरचं गेज, म्हणजे जाडी, लिहायला कागद सापडेना, म्हणून आतल्या कोऱ्या बाजूसाठी ते उघडलं, तर बाहेरच्या बाजूला नंबर छापलेला: १८०० ११ २३५६. फोन फुकट आहे. लावला. पलीकडच्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "झोपेतून उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट लागते?" मी म्हणालो, "पाच." ती म्हणाली, मग पहिले तीन दिवस जड जातील, पण तलफ ही तासभर टिकणारी वस्तू नाही, काही मिनिटांची आहे, तेवढी मिनिटं टाळा, घोटघोट पाणी प्या, मोठे श्वास घ्या, हाताला काम द्या.

माझा विश्वास बसला नाही. मला वाटायचं, तलफ आली की ओढेपर्यंत ती चढतच जाते. बत्तीस वर्षांत एकदाही शेवटपर्यंत थांबून बघितलं नव्हतं, मग कळणार कसं? म्हणून रिवाइंडिंगच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर, जिथं मी टर्न (तारेचे फेरे) आणि गेज लिहितो तिथं, तलफ आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ लिहायला लागलो. पहिल्या दिवशी सतरा वेळा. दुसऱ्या दिवशी तेवीस. तिसऱ्या दिवशी एकवीस, पण त्यातल्या काही अशा की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात छोटी दोन मिनिटांची, सगळ्यात लांब सात. आठ मिनिटं एकही टिकली नाही.

ते पान बघितलं आणि माझ्याच धंद्यातली गोष्ट ध्यानात आली. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. पण बटण दाबल्या-दाबल्या ती त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. नवीन पोरगं करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवरचा आकडा बघून घाबरतं आणि स्विच पाडायला धावतं. मी त्याचा हात धरतो. थांब, मोटार वेगात आली की उतरतंय. स्टार्टरमधला रिले, जादा करंटवर मोटार बंद करणारा, थोड्या वेळाचा तेवढा धक्का सोसेल असाच लावलेला असतो. फक्त मोटार जाम असेल तर करंट उतरत नाही, आणि मग वाइंडिंग जळते. टपरीसमोर उभं राहून तलफ उतरायची वाट बघणं म्हणजे जाम मोटारीला करंट देणं. हे मला सहाव्या दिवशी कळलं. ते पुढं येतंय.

हाताला काम म्हणून मी सबमर्सिबलची, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायच्या मोटारीची, वाइंडिंग घेऊन बसायचो. त्या मोटारीत पॉली वायर, म्हणजे प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार, असते आणि एकेक फेरा स्लॉटमधून हातानं ओवावा लागतो. मध्येच उठलं की मोजणी चुकते. चुकली की आख्खं कॉइल परत. त्यामुळं उठताच येत नाही. शेजारचा बेअरिंगवाला दोन दिवस बघत होता, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काय ओ दादा, जेवायला बी उठंनात, सारखं काय गुंडाळलालाव?" त्या आठवड्यात माझ्या दुकानातून जितक्या सबमर्सिबल बाहेर पडल्या तितक्या दिवाळीनंतर पडल्या नव्हत्या.

आता ज्या गोष्टी कुणी चारचौघांत बोलत नाही त्या. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नव्हतं. पहिले चार दिवस नुसतं बसून यायचो. कोमट पाणी, पपई आणि पहाटे चालणं, याच्यावर पाचव्या दिवशी गाडी रुळावर आली. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सोडून नुकसानच झालं की काय असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, धुरानं लुळी पडलेली श्वासनळीतली बारीक केसं आता परत हलायला लागलीत, ती कचरा वर ढकलतायत, खोका खुशाल. झोप मात्र साफ उडाली. रात्री दोनला उठून गूळ-शेंगदाणे खायचो. ह्याचं कारणही डॉक्टरांनीच सांगितलं आणि ते ऐकून मी गारच झालो: सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर निघून जातं, सिगारेट सोडली की तोच चहा जास्त वेळ अंगात राहतो. मी दिवसाला आठ कट, म्हणजे अर्धा-अर्धा कप चहा, मारायचो. म्हणजे सिगारेट सोडल्यावर मी न मागता जवळजवळ दुप्पट चहा पीत होतो आणि हात थरथरले की म्हणत होतो, बघा, सिगारेटविना कसं होतंय! चार कट केले. झोप आली.

चौथ्या दिवशी रेणापूरकडच्या एका शेतकऱ्यावर ओरडलो. त्याची मोटार महिन्यात दुसऱ्यांदा जळाली होती. रात्रीची लाइट, होल्टेज नाही, हरभरा सुकत चाललेला. चूक त्याची नव्हतीच. मी मात्र त्याला पोराटोरासारखं झापलं. तो गप ऐकून घेतला आणि म्हणाला, "मालक, आज तुमचं काही दुखलालंय का?" मी सांगितलं काय ते. त्यानं खिशातली पुडी काढली, "हे धरा मग. तंबाखू-चुना लावा, सिगारेटची आठवण येणार नाही." असा सल्ला मला त्या अकरा दिवसांत सात जणांनी दिला. सातही भले लोक. आपल्याकडं तंबाखू खाणं कुणी व्यसनात धरतच नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत आणि तंबाखू तोंडात धरणारे चोवीस निघाले. विहिरीतून निघून आडात पडायचं नव्हतं. मी निकोटिनचं च्युइंगम आणलं, २ मिलिग्रॅमचं, मेडिकलवर मिळतं. पहिल्या दिवशी पोरं चघळतात तसं चघळलं आणि तासभर उचकी. ते चार-पाचदा चावून, जिभेला झणझण लागली की गालात दाबून ठेवायचं असतं, आणि चहावर लगेच घ्यायचं नसतं. ज्याला घ्यायचंय त्यानं डॉक्टरला विचारून घ्यावं.

सहावा दिवस रविवार होता. दुकानापासून टपरी अठ्ठावीस पावलं. मी गेलो होतो मोबाईलचं रिचार्ज मारायला. टपरीवरचं पोरगं माझं लाडकं, मी त्याला बारक्याचा मोठा होताना बघितलंय. त्यानं रिचार्ज मारलं आणि न विचारता, सवयीनं, एक सुट्टी काढून माझ्यापुढं धरली. लायटर दोरीला लटकलेलाच असतो. सगळं मिळून दहा सेकंदं. अर्धी ओढल्यावर मला कळलं की मी ओढतोय.

त्या पोराला मी दोष देत नाही. दिवसही परत एकपासून मोजले नाहीत. एक फेरा चुकला तर तेवढाच उलगडायचा, मोटार भंगारात घालायची नाही. पण रात्रभर एकच विचार केला. ती सुट्टी मिळाली नसती तर? दहाचं पाकीट मागावं लागलं असतं. पैसे काढावे लागले असते. उरलेल्या नऊ खिशात घेऊन घरी जावं लागलं असतं, घरी मंडळींचं तोंड बघावं लागलं असतं. एवढ्यात ती चार मिनिटं संपली असती.

आता तक्रार. सुट्टी सिगारेट आणि सुट्टी बिडी विकायला महाराष्ट्रात बंदी आहे. राज्य सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये तसा आदेश काढला. कारणही साधं: पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापायची सक्ती आहे, सुट्टीवर काय छापणार? मला हा नियम माहीत नव्हता, टपरीवाल्याला नव्हता, बेअरिंगवाल्याला नव्हता. तुमच्या वाचकांपैकी किती जणांना माहीत आहे, ते त्यांनी स्वतःलाच विचारावं.

मी सुट्टीच घेणारा माणूस. पाकीट जवळ असलं की जास्त ओढली जाते, असा आपला हिशेब. अनेकांचा तोच असतो आणि तो मला अगदीच खोटा वाटत नाही. पण त्या हिशेबात बत्तीस वर्षं पाकीट हातात आलंच नाही. म्हणजे चित्रही नाही आणि तो फोन नंबरही नाही. सोडायला मदत करणारा नंबर पाकिटावर छापायचा आणि माल सुट्टा विकू द्यायचा, मग तो नंबर बघणार कोण? मला तो दिसला तो गेज लिहायला कागद नव्हता म्हणून.

अकराव्या दिवशी येळवस. साडूच्या शेतात पूजेची कोप, म्हणजे कडब्याची खोपटी, घातली होती. पूजा झाली, भज्जी-उंडे-आंबील असं येळवसेचं जेवण दाबून झालं. मी चार तांबे आंबील प्यालो असेन. आणि मग सगळे पुरुष बांधाकडं निघाले. कशाला ते सांगायला नको. साडूनं पाकीट काढून माझ्यापुढं केलं. शेतात टपरी नाही, म्हणून त्यानं आख्खं पाकीट आणलेलं. मी ते हातात घेतलं. त्यावरच्या माणसाचा जबडा मी पहिल्यांदा नीट बघितला. पाकीट उलटं करून साडूला नंबर दाखवला. तो म्हणाला, "हे कधी छापलं बे?" मग त्यानं एक पेटवली, ती गोष्ट वेगळी. मी ज्वारीत शिरून पाखरं हाकत बसलो. पाच मिनिटं.

मला आणखी खटकतं ते ट्यूशन एरियातलं. नांदेड, बीड, परभणी, हिंगोलीकडनं दहावी झालेली पोरं लातूर पॅटर्नच्या नावावर इथं खोल्या करून राहतात. रात्री क्लास सुटला की चहाच्या गाड्यावर तिघांत एक सुट्टी फिरते. त्या वयाचं पोरगं पाकीट विकत घेत नाही. तेवढे पैसे नसतात आणि पाकीट लपवायला खोलीत जागा नसते. त्याची सुरुवात सुट्टीवरच होते. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत विकायचं नाही, असं २००३ चा कायदा सांगतो. क्लास त्यात बसतो की नाही यावर वकील भांडत बसोत. पण अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. त्यात भांडायला काय आहे?

टपरीवाल्यांचे गाडे उचलून न्या असं मी म्हणत नाही. त्यांची कमाई सुट्टीवरच असते आणि दंड बसला तरी तो गरिबालाच बसणार. आधी महापालिकेनं आणि पोलिसांनी मिळून प्रत्येक टपरीवर मराठीत पाटी लावावी: इथं सुट्टी मिळणार नाही. म्हणजे टपरीवाल्यालाही गिऱ्हाईकाला नाही म्हणायला आधार होईल. टपरीवरच्या आमच्या पोराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "पाटी द्या, लावतो. मी एकट्यानं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या टपरीवर जातंय." बरोबर आहे त्याचं. आणि आपल्या पेपरात राशिभविष्याशेजारी दोन ओळींची जागा निघत असेल तर तो नंबर रोज छापा.

आज सत्तेचाळीसावा दिवस. वजन तीन किलो वाढलंय. तलफ दिवसाला एखाद-दुसरी येते. हे पत्र लिहिताना दोनदा आली. एकदा उठून पाणी प्यालो. दुसऱ्यांदा किल्लारीचं लिहीत होतो, तेव्हा नुसताच बसून राहिलो.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला, लातूर