डौला लावलीस, बरं केलंस

चि. भैय्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

सूनबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी न जाता पुण्यातच थांबणार आणि सोबतीला तुम्ही डौला, म्हणजे बाळंतपणात बाईजवळ थांबून धीर देणारी मदतनीस, लावली, हे कळल्यापासून इथे चोपड्यात घरात तोच विषय आहे. पप्पांचं एकच, "डॉक्टर आहे, नर्स आहे, मग ही पैसे देऊन आणलेली बाई करणार काय?"

माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नाइट ड्यूटीला एकाच वेळी तीन-चार जणींना कळा सुरू असायच्या. एकीचं डोकं दिसायला लागलं की बाकीच्यांजवळ थांबणार कोण? आई, सासू, सगळ्या दाराबाहेर. एखादी खेड्यावरची म्हातारी फटीतूनच ओरडायची, "भिऊ नको वं माय, मी शे ना आठे!" तेवढ्यानेही बाई जरा सैल पडायची. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारनेच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत घरची एक बाई थांबू द्यायला सांगितलं. फार उशिरा सुचलं, असं माझं मत.

डौला बाळंतपण करत नाही, हे पप्पांना समजावून झालंय. आतून तपासणं, बाळाचे ठोके बघणं, औषध देणं, यातलं काही तिच्याकडे नाही. ती बाईपाशी थांबते. कळ आली की कमरेच्या खालच्या बाजूला तळहाताने दाबून धरते, उताणं पडू न देता चालवते, कुशीवर वळवते, घोटघोट पाणी देते. डॉक्टर घाईत काय बोलून गेले ते पुन्हा नीट सांगते. आधीच्या महिन्यांतही भेटते, आणि बाळ झाल्यावर पहिल्या तासात चीक पाजायला मदत करते. अशी अखंड सोबत मिळाली तर नॉर्मल होण्याची शक्यता वाढते, सिझर थोडे कमी होतात आणि कळांचा वेळही काहीसा कमी होतो. १७ देशांतल्या १५,००० हून जास्त बायकांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये निघाला, त्यात हे आलंय.

आता तुझी कामं. हॉस्पिटल तिला आत सोडतं का, ते आजच विचार. बऱ्याच ठिकाणी एकालाच परवानगी असते. मग ऐन वेळी दारात वाद नको. त्याच रात्री तिची दुसरी बाई अडली तर बदली कोण येणार, तेही विचारून ठेव. आणि ती "सिझरला हो म्हणूच नका" असं शिकवायला लागली, तर चहा पाजून लांबूनच नमस्कार कर. रक्त गेलं, पाणी हिरवट गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डौलाला फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

ती आहे म्हणून तू मोबाइल घेऊन बाहेर बसायचं नाहीस. कंबर कशी दाबायची ते तिच्याकडून आत्ताच शिकून घे. सूनबाईला हात तुझाच धरायचा असेल.

विहीणबाईंशी माझं बोलणं झालंय. शेवटचा महिना त्या तुमच्याकडे येतील, त्या गेल्या की मी. डिंक आणि अळीव मी जळगावहून आणवलेत, पण लाडू बाळंत झाल्यावरच वळीन. खोलीत शेगडी पेटवू देणार का, हे तेवढं घरमालकाला विचारून कळव.

तुझी,
आई