सहवैमानिकाला बोलते करणे हे ब्रेनवॉशिंग नव्हे

मा. संपादक महोदय,

वैमानिकांना ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’, म्हणजे कॉकपिटमध्ये एकत्र काम कसे करावे, याचे सक्तीचे प्रशिक्षण असते. ते शिक्षण की ब्रेनवॉशिंग, हा वाद मी गंभीरपणे घेते, कारण माझे आयुष्य वर्गात शिकवण्यात गेले आहे.

मुळात हा आक्षेप वैमानिकांचाच. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान इंधन संपून कोसळले आणि दहा माणसे दगावली. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांना कळत होते, पण ठासून कोणी बोलले नाही. पुढे १९८१ मध्ये याच कंपनीने असा अभ्यासक्रम सुरू केला, तोही व्यवस्थापकांच्या शिबिरांच्या धर्तीवर. तुमचा स्वभाव कसा, तुम्ही हुकूम सोडता का, यावरच भर. आमचे व्यक्तिमत्त्व बदलायला निघालात, असे काही वैमानिक चिडून म्हणाले. त्यांचे बरोबरच होते. नोकराचा स्वभाव दुरुस्त करण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला?

पुढे हे प्रशिक्षण बदलत गेले. आता सिम्युलेटरमध्ये बिघाडाचा प्रसंग उभा करतात आणि कोणाला काय दिसले, कोण का गप्प राहिले, यावर मागाहून बोलतात. मोठ्यांसमोर तोंड उघडू नये, हे वळण आपल्याला घरापासूनच लागते; ते मोडायला सराव लागतो. ऐकून घेण्याचाही लागतो. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान उतरताना सहवैमानिक ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असे सांगत होता. कॅप्टनने ऐकले नाही. १५८ जीव गेले. बोटीवरच्या अधिकाऱ्यांनाही असे प्रशिक्षण आता आवश्यक आहे. आपल्या गोव्यात घरोघरी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आहेत, त्यांना विचारून पाहावे. वरिष्ठाच्या निर्णयावर शंका घ्यायला शिकवणाऱ्या वर्गाला ब्रेनवॉशिंग म्हणणे मला पटत नाही.

मात्र शंका घेण्याची ही मुभा कॉकपिटपुरती नसावी. मंगळूरच्या त्या उड्डाणात कॅप्टन बराच वेळ झोपलेला होता, हे चौकशीत निघाले. थकवा आणणाऱ्या ड्युट्यांबद्दल बोलणाऱ्यावर ‘टीममध्ये बसत नाही’ असा शेरा बसू लागला, तर आक्षेप घेणारेच खरे ठरतील. तेव्हा या प्रशिक्षणाबद्दल आणि प्रशिक्षकांबद्दल वैमानिकांना नाव न देता मत कळवता यावे, आणि ते विमान कंपनीच्या हातून न जाता थेट डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, पोचावे. दाबोळी आणि मोपावरून रोज आपली माणसे उडतात. गोव्याच्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा