सुतकाच्या घरी पाठवायची पेज

संपादक महोदय,

म्यानमारमध्ये गेल्या महिन्यात, २८ मार्च २०२५ रोजी झालेल्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाच्या बातम्या आपल्या दैनिकातून रोज वाचतो आहे. साडेतीन हजारांवर माणसे दगावली, इरावतीवरचा इंग्रजांच्या काळातला अवा पूल कोसळला, आणि रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी नमाजाला जमलेले कितीतरी लोक मशिदींच्या ढिगाऱ्याखाली गेले. मराठी वाचकाला मंडाले तसे परके नाही. लोकमान्यांनी तिथल्या तुरुंगात सहा वर्षे काढली, आणि तिथल्या राजवाड्यातून इंग्रजांनी उचलून आणलेला थिबा राजा आपल्या शेजारच्या रत्नागिरीत तीस वर्षे राहून १९१६ साली तिथेच वारला. त्याच राजवाड्याचा तट आता ठिकठिकाणी ढासळला आहे. त्यामुळे आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मंडळात ‘काहीतरी पाठवूया’ अशी बोलणी सुरू झाली तेव्हा बरे वाटले. पण दुसऱ्याच दिवशी ‘घरातले जुने कपडे देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या धर्मशाळेत) आणून द्यावेत’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरू लागला, म्हणून हे पत्र.

मी कोणाला नावे ठेवायला बसलेलो नाही. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला तेव्हा आमच्याच मंडळाने हेच केले होते आणि त्या खटाटोपात मीच पुढे होतो. आठवडाभरात अग्रशाळेच्या दोन खोल्या छपरापर्यंत भरल्या. गाठोडी सोडल्यावर निघाले ते असे: विरलेल्या नऊवारी, खिशावर शाळेचा बिल्ला शिवलेले गणवेश, बटणे गेलेले शर्ट, कोणाच्या तरी लग्नातला जरीचा कोट, उंच टाचेचा एकच सँडल, आणि एका पिशवीच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली. वाड्यावरच्या बायकांनी चार दिवस बसून निवड केली. ट्रकवाल्याने सरहद्दीपर्यंतचे भाडे सांगितले, ते एवढे होते की त्यात नवीन चादरींचे गठ्ठे आले असते. पावसाळा लागला, कपड्यांना बुरशी धरली, आणि श्रावणात आम्ही त्यांतले बरेचसे गुपचूप भंगारात घातले. पाठवले किती, हे विचारायचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

त्याच दिवसांत फोंड्याच्या बाजारातल्या एका खानावळीत काम करणारा गोरखा जिल्ह्यातला एक मुलगा बँकेत माझ्या काउंटरवर आला. मालकाकडून घेतलेली उचल त्याला घरी पाठवायची होती. घराच्या भिंती बसल्या होत्या, आई मोकळ्यावर झोपत होती, आणि पाऊस तोंडावर आला होता. भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेचा फॉर्म भरून देता देता मी मोठ्या उदारपणे म्हणालो, आमच्याकडे पुष्कळ कपडे जमलेत, तुझ्या गावाला लागतील का? तो हसला नाही की रागावला नाही. ‘कपडे आहेत, साहेब, छप्पर नाही,’ एवढेच हिंदीत म्हणाला आणि सही करून गेला. त्याला हवे होते जस्ताचे पत्रे. ते गावाजवळच्या बाजारात विकत मिळत होते, फक्त पैसे नव्हते.

आपल्याकडे सुतक पडलेल्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारीण पेजेचे टोप घेऊन जाते. पण त्याआधी घरात माणसे किती जमली आहेत आणि लहान मुले आहेत का, हे ती परसातून विचारून घेते. त्या टोपात ती आपल्या घरचे शिळे घालत नाही. एवढी साधी रीत आपण दुरच्या माणसाच्या बाबतीत कशी विसरतो, हे मला अजून उलगडलेले नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते आणि ते उचलून कामी लावण्याचे ओझे ‘गूंज’सारख्या संस्थेवर पडले. त्याच वेळी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने आठवडाभरातच जाहीर केले की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले आहेत, आता त्या नावाने आणखी देऊ नका. आलेला पैसा नाकारणारी संस्था मी माझ्या नोकरीच्या चौतीस वर्षांत दुसरी पाहिली नाही. अशा संस्थेवर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही.

आता पैसेच द्यायचे तर कसे, हा बँकेतल्या माणसाचा प्रश्न. परदेशात देणगी पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत रहिवासी व्यक्तीला मुभा आहे, मंडळाला नाही. ए-टू फॉर्म भरावा लागतो. पण एकट्याने पाचशे रुपये पाठवायला गेलात तर पाठवणावळच देणगीच्या वर जाते. आयकरातली ‘ऐंशी जी’ची, म्हणजे देणगीवरची, सवलत भारतात स्थापन झालेल्या मान्यताप्राप्त संस्थांपुरतीच असल्यामुळे परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर ती मिळणार नाही, आणि ज्याला सवलतीसाठीच दान करायचे आहे त्याने ते आधीच समजून घ्यावे. म्हणून वाड्याने, मंडळाने किंवा देवस्थानाने एकत्र जमवून भारतातल्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत एकाच वेळी पाठवणे शहाणपणाचे. म्यानमारात तर ते कोणाच्या हाती जाते याला जास्तच महत्त्व आहे, कारण तिथे फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यानंतर यादवी पेटली. आपल्या सैन्याने ‘ऑपरेशन ब्रह्मा’खाली मंडालेत इस्पितळ उभारले, ते योग्यच झाले, पण त्याने आपण मोकळे झालो असे मानू नये.

‘आधी आपल्या घरचे बघा’ असे म्हणणारेही भेटले. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी तालुक्यात घरे पडली तेव्हा हे गृहस्थ कुठे होते, हे मी त्यांना विचारले नाही.

मला खरी चिंता वाटते ती उशिराची. आपली कळकळ पहिल्या पंधरवड्यात उतू जाते आणि चतुर्थीपर्यंत विरून जाते. तिकडचे काम मात्र त्यानंतर सुरू होते. नेपाळात पुनर्बांधणी प्राधिकरण डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी स्थापन झाले. तोवर माणसांनी एक सबंध पावसाळा ताडपत्री आणि पत्र्यांखाली काढला आणि हिवाळ्याला तोंड दिले. किल्लारीच्या लोकांनाही पक्क्या घरात जायला वर्षे लागली होती. म्हणून मी मंडळापुढे असे मांडले की आता जे जमेल त्याचा निम्मा भाग लगेच पाठवावा, निम्मा ठेव म्हणून ठेवून पुढच्या मार्चमध्ये पाठवावा, आणि त्यात भर म्हणून काल्याच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूकामाचा निम्मा खर्च वळवावा. दारूकामाचे नाव निघताच दोघे उठून गेले. बाकीच्यांनी विषय रविवारच्या बैठकीवर टाकला आहे.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वर्षी २८ मार्चला मंडाले आणि सागाइंगमध्ये किती घरे उभी राहिली, याची बातमी आपण छापावी. ठेवीचा दुसरा हप्ता पाठवताना ती बैठकीत वाचून दाखवता येईल. तोवर कपड्यांचे म्हणाल तर, अग्रशाळेच्या किल्ल्या यंदा माझ्याकडे आहेत आणि मी त्या कोणाला दिलेल्या नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
फोंडा, गोवा