पट्टा चढला एकदाचा

दिन्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं" करून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितोय, सावकाश वाच. मळ्यातला घाणा चालू झाला! तेच आजोबांचं गुऱ्हाळ, जिथं आपण चिपाडाच्या ढिगावर लोळायचो आणि काकवीसाठी भांडायचो. पंचवीस वर्षं कुलूपबंद होतं.

ऊस पिळायच्या चरकावर रंगाचे चार थर होते, खरवडले तर खाली ओतीव अक्षरं, किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना मांडला ना, तिथनं हा चरक आजोबांनी बैलगाडीतनं आणला म्हणे, आत्या सांगते, खरंखोटं तिलाच ठाऊक.

इंजिन लिस्टर या इंग्रजी कंपनीच्या वळणाचं, राजकोटला बनलेलं, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, दोन मोठे फ्लायव्हील. इंजिनाची पुली दहा इंची, वरच्या शाफ्टची सव्वीस, म्हणजे शाफ्ट फिरतो २५० नं आणि त्याच एका शाफ्टवरनं चरक, कडबाकुट्टी आणि विहिरीचा पंप, ज्याचा पट्टा चढवाल ते चालणार. कडबाकुट्टी उलटी फिरायला हवी म्हणून तिचा पट्टा आठाच्या आकड्यासारखा पिळून घातलेला. काय साधं डोकं लावलंय बघ.

शाफ्टच्या बेअरिंगमधलं व्हाईट मेटल, म्हणजे आतला मऊ धातूचा थर, गेलं होतं. तालुक्यातले म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी शाफ्टला दिव्याची काजळी धरली (का, तर ओतलेला धातू चिकटू नये), कडा मातीनं लिंपल्या, शाफ्ट तापवला आणि पळीनं मेटल ओतलं. मग दोन दिवस निळा रंग लावून कुठं घासतंय ते बघायचं आणि तेवढंच खरवडायचं. माझा धीर सुटला, त्यांचा नाही.

आणि आता माझा पराक्रम ऐक. पट्टा काही केल्या टिकेना, दहा सेकंदं फिरला की सरकत सरकत खाली. मी शाफ्ट दोरी लावून तपासला, लेव्हल बघितली, पट्ट्याचा सांधा दोनदा नवा घातला, कुणीतरी सांगितलं म्हणून राळ फासली, त्यानं पट्टा आणखी चिवट आणि घाण झाला. शेवटी मिस्त्रींनी पुलीवरनं नुसता तळवा फिरवला आणि म्हणाले, हिचं पोट कुणी काढलं? मीच काढलं होतं रे! गंज साफ करायच्या नादात लेथवर मोठ्या पुलीची धाव सपाट करून आणलेली, हौसेनं, वर पैसे देऊन. ती मधे जराशी उंच असते, पट्टा आपोआप उंचवट्याकडे चढतो आणि मधेच राहतो, ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती आणि मी विचारलीही नव्हती. मग परत लेथवर, दोन्ही कडा एक-दीड मिलीमीटर उतरवल्या, पट्टा चढवला आणि लेका, चिकटून बसला. मी पाच मिनिटं येड्यासारखा नुसता बघत उभा होतो.

आजोबांच्या वेळी पट्ट्याला जाळी-बिळी काही नव्हती, धोतर खोचून सगळे खालनं वाकून जायचे. मी जाळी मारलीय, पोरं येतात.

पहिली काहील जरा करपली, गूळ काळा झाला, आत्यानं नावं ठेवून दोन ढेपा नेल्या. दुसरी बुधवारी लावतोय, रसातली मळी काढायला घालतात ते भेंडीचं पाणी यावेळी बेतानं. तुझ्या गोडाऊनात जुना चार इंची चामडी पट्टा पडलाय ना? तो घेऊन ये, पंपाचा तुटायला आलाय. वहिनींना आणि पोरांनाही आण.

तुझा,
बाळ्या